सी५ए देऊनही मॅक्रोफेजमधून आयएल-१ बीटा येत नाही, चूक कुठे?

तापीकाठची, जळगाव
नमस्कार मंडळी. कॉम्प्लिमेंटमुळे (रक्तातली जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांची साखळी) पेशींत दाहाचे संदेश कसे सुरू होतात, यावर एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. निरोगी दात्याचं रक्त हेपरिनच्या नळीत शहाद्याहून येतं, साडेतीन तास जातात. त्यातल्या न्यूट्रोफिलमध्ये (एक प्रकारची पांढरी पेशी) फ्लुओ-४ हा कॅल्शियम दाखवणारा रंग भरून १० नॅनोमोलर सी५ए (कॉम्प्लिमेंटच्या सी५चा तुटून सुटणारा तुकडा) दिला, तर कॅल्शियमची उसळी एखाद्या दिवशी येते, एखाद्या दिवशी अजिबात नाही. मोनोसाइट या पांढऱ्या पेशींपासून सात दिवसांत तयार केलेल्या मॅक्रोफेजना (जंतू गिळणाऱ्या पेशी) तोच सी५ए १८ तास दिला. दाहाचा संदेश नेणाऱ्या प्रथिनांपैकी आयएल-८ थोडं वाढतं, आयएल-१ बीटा शून्य. काहीच न दिलेल्या विहिरींतही (प्लेटच्या खळग्यांत) टीएनएफ हे दाहाचं प्रथिन दिसतं. माध्यमात १० टक्के मानवी सीरम आहे. नेमकं काय बिघडतंय?

प्रथिनवाला, धुळे
ताई, यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. आधी न्यूट्रोफिलचा घ्या.

सी५ए बसतो सी५एआर१ या रिसेप्टरवर. हा जी-प्रथिनाला जोडलेला, मुख्यतः जीआय जातीचा. त्यातून सुटलेला बीटा-गॅमा भाग फॉस्फोलायपेज सी-बीटा या एन्झाइमला चालवतो, आयपी३ हा निरोप्या रेणू तयार होतो आणि एंडोप्लाझ्मिक जाळीतलं कॅल्शियम काही सेकंदांत बाहेर पडतं. तोच बीटा-गॅमा पीआय३के-गॅमा या एन्झाइमलाही उठवतो. पेशी कोणत्या दिशेला सरकायचं ते त्यावर ठरवते. ईआरके आणि एनएफ-कप्पाबी (दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन) यांचे संदेश त्यानंतर, मिनिटांच्या हिशोबात.

अडचण अशी की हा रिसेप्टर लगेच थकतो. सी५ए लागला की त्याच्या शेपटीवर फॉस्फेट चढतात, बीटा-अरेस्टिन हे प्रथिन येऊन बसतं आणि रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो. हेपरिन रक्त गोठू देत नाही, पण नळीतल्या प्रमाणात कॉम्प्लिमेंटला थांबवेल असा भरवसा धरू नका. साडेतीन तास गरम गाडीत सी३ आणि सी५ ही कॉम्प्लिमेंटची प्रथिनं तुटत राहिली, तर पेशींनी सी५ए आधीच चाखलेला असतो. मग तुमच्या १० नॅनोमोलरला त्या दाद देत नाहीत. काही दिवस चालतं आणि काही दिवस नाही, त्याचं कारण मला इथेच दिसतं. खात्रीसाठी त्याच पेशींना एफएमएलपी (जंतूंच्या प्रथिनासारखा तुकडा, याचा रिसेप्टर वेगळा) द्या. त्याला उसळी आली आणि सी५एला नाही, तर पेशी धडधाकट आहेत, थकलाय तो फक्त सी५एचा रिसेप्टर.

उपाय: रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घ्या. ईडीटीए कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि कॉम्प्लिमेंटचे तिन्ही मार्ग तिथेच अडतात. पेशी दोनदा धुवा, कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेल्या हँक्सच्या द्रावणात उचला, मगच मोजा. धुणं अर्धवट राहिलं तर उरलेलं ईडीटीए बाहेरचं कॅल्शियम गिळतं आणि आलेख उगाच बुटका दिसतो.

शीतसाखळी
वरच्यात भर. सी३ए-सी५ए मोजायची नळी आणि पेशी काढायची नळी वेगळी ठेवा. मोजायची नळी लगेच बर्फात, अर्ध्या तासात थंड सेंट्रिफ्यूज, प्लाझ्मा उणे ८० अंशांवर. सीरममध्ये मोजू नका, गोठतानाच सी३ए तयार होतो. पेशींची नळी मात्र बर्फात नको, थंड-गरम झालं की न्यूट्रोफिल आपोआप चिडतात. पुस्तकात 'खोलीचं तापमान' लिहिलेलं असतं ते २०-२२ अंश. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतही ते मिळत नाही, गाडीत तर नाहीच. पाण्याचे जेल पॅक २० अंशांवर आणून डब्यात भरा, गोठवलेले नकोत.

प्रथिनवाला, धुळे
आता मॅक्रोफेज. इथे सी५ए एकटा पुरणारच नाही. आयएल-१ बीटाला दोन धक्के लागतात. पहिल्याने एनएफ-कप्पाबी जागं होऊन ३१ किलोडाल्टनचं कच्चं प्रथिन बनतं. दुसऱ्याने एनएलआरपी३ इन्फ्लमासोम (प्रथिनांचा संच) जुळतो, कॅस्पेज-१ हे एन्झाइम ते कच्चं प्रथिन कापतं आणि १७ किलोडाल्टनचं बाहेर जातं. सी५ए पहिल्या धक्क्याला जोर देतो. दुसरा धक्का कॉम्प्लिमेंटकडून येतो तो सी५बी-९च्या (साखळीच्या शेवटी जुळणारा प्रथिनांचा गट) पेशीच्या पडद्यात पडणाऱ्या छिद्रातून. पेशी मरणार नाही इतकी थोडी छिद्रं पडली की कॅल्शियम आत येतं, पोटॅशियम बाहेर जातं, आणि एनएलआरपी३ हलतो तो पोटॅशियम उतरल्यामुळे. आपल्या पेशींवरचं सीडी५९ हे प्रथिन ते छिद्र पूर्ण होऊ देत नाही, म्हणून नुसतं सीरम ओतून काही होत नाही.

आधी पद्धत चालते का ते बघा: पहिल्या धक्क्याला एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन) १० नॅनोग्रॅम प्रति मिली, चार तास, मग दुसऱ्याला पोटॅशियम बाहेर काढणारं नायजेरिसिन १० मायक्रोमोलर, एक तास. इथेही शून्य आलं तर दोष पेशींत किंवा किटमध्ये. आलं, तर एलपीएससोबत सी५ए देऊन फरक मोजा. सोबत एनएलआरपी३ला रोखणाऱ्या एमसीसी९५०ची एक विहीर आणि एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम) तपासणी ठेवाच. एलडीएच वाढलं तर पेशी फुटल्यात, मग एलायझाचा (प्रथिन मोजणाऱ्या किटचा) आकडा वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी दाखवणारी चाचणी) १७ची पट्टी दिसल्याशिवाय खरा धरू नका.

आणि ते १० टक्के सीरम काढा. त्यातलं कार्बोक्सिपेप्टिडेज-एन हे एन्झाइम सी५एच्या टोकाचं आर्जिनिन छाटतं, उरतो तो बराच कमजोर. १८ तासांत तुमचा सी५ए कधीच बोथट झालेला असतो. सी५ए देताना सीरमविरहित माध्यम आणि ०.१ टक्का अल्ब्युमिन वापरा.

सातपुड्याची पायथा
रिकाम्या विहिरींतल्या टीएनएफसाठी आधी माध्यम आणि सीरममध्ये एंडोटॉक्सिन तपासा. सी५एही बहुतेक ई. कोलायमध्ये बनवलेला असतो, त्यात एलपीएस उरलं तर ते सी५एच्या नावावर जमा होतं. एलपीएसला निकामी करणाऱ्या पॉलिमिक्सिन-बीची एक विहीर आणि पीएमएक्स५३ या रोधकाने सी५एआर१ बंद केलेली एक विहीर ठेवा. पीएमएक्स५३ने जो परिणाम जातो तोच सी५एचा.

पुढे नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या रुग्णांचे नमुने घेणार असाल तर प्लाझ्माचा रंग बघा. तांबूस दिसला की त्यात सुटं हीम (हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग) आहे. हीम कॉम्प्लिमेंटच्या पर्यायी मार्गाने सी३ तोडतं आणि टीएलआर४ या एलपीएस ओळखणाऱ्या रिसेप्टरलाही चेतवतं. नळीत रक्त फुटलं की रुग्णाच्या अंगात फुटलं, हे नंतर सांगता येत नाही. जाड सुई, हलक्या हाताने ओढणं, नळी न हलवणं, एवढं तरी सांभाळा.

तापीकाठची, जळगाव
आभार. एक राहिलं: कॉम्प्लिमेंट मुद्दाम सुरू करायचं असेल तर झायमोसन (यीस्टच्या पेशीभित्तीचे कण) की नागाच्या विषातला घटक?

प्रथिनवाला, धुळे
या कामाला विषातला घटक, सीव्हीएफ. झायमोसनचे कण पेशी थेट डेक्टिन-१ या रिसेप्टरने ओळखतात, मग संदेश कॉम्प्लिमेंटचा की झायमोसनचा हे कळत नाही. सीव्हीएफ फॅक्टर-बीला धरून जो कन्व्हर्टेज (सी३ तोडणारं एन्झाइम) बनवतो त्याचं अर्धायुष्य सुमारे सात तास, आपल्या शरीरातल्या कन्व्हर्टेजचं, म्हणजे सी३बीबीबीचं, जेमतेम दीड मिनिट. कॉम्प्लिमेंटला आवरणाऱ्या फॅक्टर-एच आणि फॅक्टर-आयचंही त्याच्यापुढे काही चालत नाही. म्हणून मात्रा अगदी थोडी ठेवा, नाहीतर अर्ध्या तासात सगळं सी३ संपतं आणि पुढच्या मोजणीला काही उरत नाही.