मदत हवी आहे: रिसीव्हर साधा घेऊ की भारीतला?

टीव्हीचा आवाज स्पीकरना पुरवणारा माझा जुना रिसीव्हर बंद पडला. आता एक साधा ५.२ चॅनलचा (पाच स्पीकर आणि खर्जाचे दोन सबवूफर जोडता येणारा) आणि दुसरा तिप्पट किमतीचा, ९.२ चा, यांत अडकलोय. माझे स्पीकर पाचच, म्हणून साधाच घेणार होतो. पण पुढचे दोन्ही स्पीकर ४ ओहमचे आहेत आणि साध्याच्या मागे ‘६ ते १६ ओहम’ छापलंय. ओहम जितके कमी, तितका रिसीव्हरवर ताण जास्त. त्याचे वॅटही एकच चॅनल चालवून मोजलेले. पाचही एकदम वाजले की तेवढी ताकद मिळत नाही. जुना तर तासाभरात हात ठेववत नाही इतका तापायचा.

मोठा आवाज नकोच. आईला संवाद स्पष्ट ऐकू यावेत, एवढंच मनापासून हवंय. संगीत चढलं की तिचे शब्द सुटतात आणि ती माझ्याकडे बघते.

साध्या रिसीव्हरवर ४ ओहमचे स्पीकर कुणी वर्षभर चालवलेत का? की उरलेले पैसे चांगल्या सेंटर स्पीकरला (मधला, संवाद ज्यातून येतात तो) घालू?