पुन: ड्वार्फ फोर्ट्रेसमधलं पाटपाणी

ड्वार्फ फोर्ट्रेस या बुटक्यांचा भूमिगत किल्ला चालवायच्या गेममध्ये शेत भिजवताना किल्ला बुडाला म्हणतोस, पण अरे नदी थेट शेताच्या खोलीत सोडलीस तर किल्ला बुडणारच ना, नदीचं पाणी काही संपत नाही. मधे एक टाकी खोद. नदी आणि टाकीच्या मधे एक फ्लडगेट (पाणी अडवायचं दार), टाकी आणि शेताच्या मधे दुसरं, दोघांना वेगवेगळे लिव्हर (दार उघड-बंद करायचे दांडे). आधी नदीकडचं उघड, टाकी भरली की ते बंद कर, आणि मगच शेताकडचं उघड.

हिशोब सोपा आहे, नकाशातल्या एका चौकोनात पाण्याची पातळी जास्तीत जास्त ७ असते, म्हणजे १० चौकोनांची टाकी = ७०, ते ७० चौकोनांवर पसरलं की प्रत्येकी १ उरतं आणि ते आपोआप सुकतं, खाली चिखल राहतो. दगडी जमिनीवर तेवढ्या चिखलात प्लम्प हेल्मेट (गेममधली खायची अळंबी) बारा महिने पिकतं, परत परत पाणी द्यायची गरज नाही.

लिव्हरना नावं मात्र दे. मी नाही दिली, घाईत नदीकडचं गेट उघडंच राहिलं आणि दारं धरायला गेलेला बुटका बियाण्याच्या पोत्यासकट वाहून गेला 😅

आणि हो, पाण्याला दाब असतो, शेत नदीपेक्षा खाली असेल तर पाटाला एक तिरका कोपरा ठेव (पाणी एका चौकोनातून कोपऱ्याला लागलेल्या चौकोनात तिरकं जाईल असा), दाब तिथेच तुटतो.