गवत वाढू देणं म्हणजे आळस नव्हे

रानवाट:
"रस्त्याकडेचं गवत न कापणं हा निव्वळ आळस, त्याला फुलपाखरांचं नाव देऊ नका." परवाच्या धाग्यातलं हे वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा.

रानफुलांची कड म्हणजे वाऱ्यावर सोडलेली कड नाही. फुलं येऊन बी झडेपर्यंत थांबायचं, मग कापायचं आणि कापलेलं सगळं उचलून न्यायचं. जागेवर कुजलं की त्याचं खत होतं. माती सकस झाली की दांडगं गवत माजतं आणि नाजूक झाडं त्याखाली गुदमरतात. शेतकऱ्याला उलटं वाटेल, पण इथे माती हलकी तेवढी फुलं जास्त. इंग्लंडात वेमथचा नवा रस्ता २०११ मध्ये खुला झाला. त्याच्या उतारांवर सुपीक मातीचा जाड थर टाकलाच नाही, चुनखडी जवळपास उघडीच ठेवून रानफुलांचं बी पेरलं. आज तिथे स्मॉल ब्लू हे चिमुकलं फुलपाखरू नांदतंय. ब्रिटनमधली सुमारे ९७ टक्के फुलांची कुरणं १९३० च्या दशकापासून नष्ट झाली. उरलेल्या फुलांनी जायचं कुठे?

सरळवाट:
ते वाक्य माझंच, आणि मी त्यावर ठाम आहे. वळणावर पुरुषभर गवत होतं. माझे वडील सायकलवर होते, गाडीवाल्याला दिसले नाहीत. चार महिने पाय प्लॅस्टरमध्ये. तुम्ही फुलपाखरं मोजा, मी वडिलांच्या पायातले स्क्रू मोजतो.

रानवाट:
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. वळणं, चौक आणि डांबराला लागून असलेली मीटरभर पट्टी कायम बुटकी ठेवायचीच, यात वाद नाही. मी बोलतोय ते त्यामागच्या जागेबद्दल.

मातीचे हात:
अवांतर, पण राहवत नाही. ती 'रानफुलांची' बियाण्याची पाकिटं आधी बंद करा! मी हौसेनं कडेला टाकली. पहिल्या वर्षी पॉपी आणि कॉर्नफ्लॉवरनी डोळे दिपले, दुसऱ्या वर्षी नुसतं तण. नंतर कळलं की ही नांगरलेल्या शेतातली एका वर्षाची झाडं. दरवर्षी माती उकरली नाही तर ती उगवत नाहीत. कुरणाशी त्यांचा संबंध काय?

रंगपेटी:
लोकांना रंग दिसला की लोक पाठीशी उभे राहतात. इंग्लंडातल्याच रॉदरहॅमला रस्त्याच्या दुभाजकावर आठ मैल फुलं पेरली, तेव्हा जगभर फोटो फिरले. वाळक्या गवताचा फोटो कोण बघतो? मधमाश्यांना पाकिटातल्या फुलांतही मध मिळतोच.

मातीचे हात:
मध मिळतो, मान्य. पण अंडी कुठे घालायची? स्मॉल ब्लूचा सुरवंट फक्त किडनी व्हेच या रानझाडावर जगतो, मोनार्क फुलपाखराचा मिल्कवीड या झाडावर. मध कुठल्याही फुलातला चालतो, पण सुरवंटाला ठरलेलंच झाड लागतं. दुसऱ्या गावाहून आणलेल्या रंगानं पोट भरत नाही.

रंगपेटी:
म्हणजे शाळेतल्या पोरांनी पाकीट फोडलं तर तो गुन्हा? तुमच्यासारख्यांमुळेच माणसं या कामाजवळ फिरकत नाहीत.

मातीचे हात:
पोरांना कोण बोललं? त्यांच्या हातात यलो रॅटल या कुरणातल्या रानफुलाचं बी द्या. ते गवताच्या मुळांतून अन्न ओढतं, गवताचा जोर मोडतो आणि बाकीच्या फुलांना जागा होते. मात्र पेरायचं हिवाळ्याआधी, थंडी खाल्ल्याशिवाय ते रुजत नाही. आणि बी धरण्याआधी कापलं तर पुढच्या वर्षी ते दिसणारच नाही.

रंगपेटी:
ठीक. कुरणात रॅटल, बागेत पाकीट. यापुढे मी वाद घालणार नाही.

सरळवाट:
तुमचं बियाणं आटपलं असेल तर मूळ मुद्दा. गवत उचलणार कोण? आमच्याकडे येणारं यंत्र चुरा करून तिथेच टाकतं.

रानवाट:
तीच तर खरी अडचण. गवत कापता कापता ओढून घेणारं यंत्र लागतं, ते महाग पडतं. पण दोन-चार वर्षं नेमानं उचललं की गवताची वाढ मंदावते आणि कापणीच्या फेऱ्या कमी होतात.

सरळवाट:
मग आधी यंत्र आणा, नंतर फुलांचं बोला. मीटरभर पट्टी खरंच कापत राहिलात तर मागच्या जागेवर माझी हरकत नाही. पण त्या वळणावर नको.

रानवाट:
त्या वळणावर मीही मागणार नाही.