चौथ्यावरच का?
बेसबॉलमध्ये सगळ्यात दणकट बॅटर बॅटिंगच्या क्रमवारीत चौथ्या क्रमांकावरच हवा, कारण तेव्हा बेसवर माणसं (त्याच्या फटक्यावर धावा काढू शकणारे साथीदार) असतात, असं म्हणतात; मला ते अर्धंच पटलं. मेजर लीगच्या (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल स्पर्धा) 162 सामन्यांच्या मोसमात क्रमवारीत एक जागा खाली गेलं की बॅटिंगच्या साधारण 18 संधी कमी होतात. सामना नऊपैकी कुठल्याही क्रमांकावर संपू शकतो, म्हणून 162 भागिले 9. दुसऱ्याचा चौथा केलात की 36 गेल्या! यँकीजचा ॲरन जज 2022 मध्ये मोसमातला 62वा होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारताना चक्क पहिल्या क्रमांकावर खेळत होता.

बेसवर माणसं हवीत हे खरंच, पण त्यावर दुसराही उपाय आहे. 1998 मध्ये सेंट लुईस संघाचा मॅनेजर टोनी ला रूसाने पिचरला (चेंडू टाकणारा, बॅटिंगमध्ये सहसा कच्चा) नवव्याऐवजी आठव्या क्रमांकावर पाठवलं. नवव्यानंतर पुन्हा पहिला येतो, म्हणजे तिसऱ्या क्रमांकावरच्या दणकट मॅग्वायरच्या आधी नववाही खराखुरा बॅटर. आता पिचर (पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा ओहतानी सोडून) बॅट धरतोच कुठे म्हणा.