३० पेशी की ५ उंदीर? प्रबंधाच्या मौखिक परीक्षेपूर्वीची शंका

प्रश्न : सीए१_काप

न्यूरोसायन्समधील माझ्या पदव्युत्तर प्रबंधाची मौखिक परीक्षा चार आठवड्यांवर आली असून प्रबंध दहा दिवसांत सादर करायचा आहे. दीर्घकाळ ताणाखाली ठेवलेल्या आणि न ठेवलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसचे (मेंदूतील स्मृतीशी निगडित भागाचे) काप घेऊन त्यातील सीए१ या उपभागाच्या पिरॅमिडल पेशींत मी पॅच क्लॅम्पने (एकेका पेशीतील विद्युतप्रवाह मोजण्याच्या पद्धतीने) मिनिएचर ईपीएससी, म्हणजे ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाच्या एकेका पुडीमुळे उमटणारे सूक्ष्म प्रवाह (‘मिनी’), नोंदवले. प्रत्येक गटात ५ उंदीर होते आणि व्हेंट्रल (खालचा) व डॉर्सल (वरचा) या दोन्ही भागांतून प्रत्येक उंदरामागे ६ पेशी घेतल्या, म्हणजे प्रत्येक भागात एका गटाच्या ३० पेशी झाल्या. ताणगटात व्हेंट्रल भागातील मिनींची वारंवारता सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय वाढलेली दिसली, आयाम (प्रत्येक मिनीचा आकार) बदलला नाही. डॉर्सल भागातील फरक लक्षणीय ठरला नाही. त्यावरून मी असा निष्कर्ष लिहिला आहे की ताणामुळे ग्लुटामेट सुटण्याची शक्यता वाढते आणि हा परिणाम केवळ व्हेंट्रल भागात होतो.

सराव सादरीकरणात एका प्राध्यापिकांनी नमुनासंख्येबद्दल ‘तुमचा एन किती?’ असे विचारले. मी ३० म्हणाले, तेव्हा ‘पुन्हा विचार करा’ एवढेच सांगून त्या पुढे गेल्या. पेशी मोजण्याची प्रथाच आहे, असे माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. आता इतक्या उशिरा विश्लेषण बदलावे का? आणि परीक्षेत संपूर्ण मेंदूविज्ञानावर प्रश्न येतील, या भीतीचे काय करावे?

उत्तर : एक परीक्षक

बदलावे, आणि आजच सुरुवात करावी. ताण पेशीला दिला गेला नाही, उंदराला दिला गेला. म्हणून प्रयोगाचे स्वतंत्र एकक उंदीर आहे. एकाच उंदराच्या सहा पेशी एकच शरीर, एकाच दिवशी केलेले काप आणि बहुधा एकच द्रावण वाटून घेतात, त्यामुळे त्या एकमेकींसारख्या असण्याची शक्यता अधिक असते. हे साम्य किती महाग पडते ते एका साध्या हिशेबाने दिसेल. एकाच उंदराच्या पेशींमधील सहसंबंध ०.४ धरला, तर १ + (६ − १) × ०.४ = ३ हा गुणक मिळतो, आणि तुमच्या ३० पेशींचे बळ १० स्वतंत्र पेशींइतकेच उरते. २०१४ साली पाच अग्रगण्य नियतकालिकांतील ३१४ शोधनिबंध तपासले गेले, तेव्हा निम्म्याहून अधिक निबंधांतील विदा (डेटा) अशीच एकात एक गुंफलेली आढळली. तुमच्या मार्गदर्शकांचे प्रथेविषयीचे म्हणणे त्यामुळे चुकीचे नाही. पण परीक्षेत प्रथेचा आधार घेतला की पुढचा प्रश्न अधिक कठीण येतो.

मिक्स्ड-इफेक्ट्स मॉडेल (एकाच उंदराच्या पेशींतील साम्य हिशेबात धरणारे सांख्यिकी प्रारूप) बसवा आणि त्यात उंदीर हा यादृच्छिक घटक ठेवा. ते समजावून सांगणे जड वाटत असेल, तर प्रत्येक उंदराची सरासरी काढून ५ विरुद्ध ५ अशी तुलना करा. प्रत्येक उंदरामागे पेशींची संख्या समान असल्याने तुमच्या बाबतीत दोन्ही मार्ग जवळपास एकाच ठिकाणी पोहोचतील.

उत्तर : मिनी_मोजणारा

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र तुमच्या निष्कर्षाच्या वाक्यात आणखी दोन सांधे कच्चे आहेत, आणि मला त्यांची काळजी अधिक वाटते.

पहिला सांधा असा की वारंवारता वाढली आणि आयाम तसाच राहिला, तर बदल चेतासंधीच्या (दोन चेतापेशींमधील जोडाच्या) अलीकडच्या, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या, बाजूचा, हे पाठ्यपुस्तकी वाचन आहे. परंतु चेतासंधींची संख्या वाढली तरी वारंवारता वाढते. ज्या मूक चेतासंधींत आधी केवळ एनएमडीए ग्राही (ग्लुटामेट टिपणारी प्रथिने) होते, त्यांत एएमपीए या दुसऱ्या प्रकारचे ग्राही आले तरीही ती वाढते, आणि तो बदल तर पलीकडच्या, म्हणजे संदेश घेणाऱ्या, बाजूचा असतो. पेअर्ड-पल्स गुणोत्तर (लागोपाठच्या दोन उद्दीपनांना मिळालेल्या प्रतिसादांचे गुणोत्तर) मोजले असेल तर ते पुढे आणा. नसेल तर ‘शक्यता वाढते’ ऐवजी ‘शक्यता वाढल्याशी हे सुसंगत आहे’ असे लिहून उरलेले दोन पर्याय स्वतःच नोंदवा.

दुसरा सांधा ‘केवळ’ या शब्दाचा. एका भागात फरक लक्षणीय ठरला आणि दुसऱ्यात ठरला नाही, एवढ्यावरून दोन भागांतील परिणाम वेगवेगळे आहेत असे सिद्ध होत नाही. त्यासाठी गट आणि भाग यांच्यातील आंतरक्रिया (ताणाचा परिणाम भागानुसार बदलतो का) तपासावी लागते. २०११ साली ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५१३ निबंध तपासले होते. त्यांपैकी १५७ निबंधांत ही चूक होण्यास वाव होता आणि ७९ निबंधांत ती झालेली होती. इतकी सर्वत्र आढळणारी चूक परीक्षकांच्या नजरेतून सुटेल असे धरून चालू नका.

उत्तर : मागच्या_सत्रात_उत्तीर्ण

संपूर्ण मेंदूविज्ञानाची भीती मलाही होती आणि त्या भीतीपोटी मी दोन आठवडे पाठ्यपुस्तके वाचण्यात घालवले. प्रत्यक्षात जवळपास सर्व प्रश्न माझ्याच पद्धतीच्या प्रकरणातून आले. टेट्रोडोटॉक्सिन (चेतापेशींचे विद्युत-आवेग थांबवणारे विष) कशासाठी घातले, गाबा-ए ग्राही (निरोधक संदेश टिपणारे) रोखले नसते तर काय दिसले असते, सिरीज रेझिस्टन्स (इलेक्ट्रोड आणि पेशी यांच्यातील विद्युतरोध) किती बदलल्यावर पेशी वगळली आणि ती मर्यादा आधी ठरवली होती का, नोंदी मोजणाऱ्याला गट माहीत होता का, असे ते प्रश्न होते. वगळलेल्या पेशींची गटवार संख्या मला सांगता आली नाही आणि तेवढा एकच क्षण खरोखर अवघड गेला. तुम्ही ती यादी आजच करून ठेवा. प्रत्येक आकृतीसमोर बसून ‘हे चुकीचे असेल तर कशामुळे असेल?’ याचे उत्तर लेखी काढणे मला सर्वांत उपयोगी पडले.

सीए१_काप

तिघांचेही मनापासून आभार. उंदीर हे एकक धरून विश्लेषण पुन्हा केले. वारंवारतेतील फरकाचा अंदाज तेवढाच राहिला, पण विश्वास-अंतराल (अंदाजाची अनिश्चितता दाखवणारी कक्षा) रुंदावून त्यात शून्य आले. आंतरक्रियाही लक्षणीय नाही. दोन दिवस फार वाईट वाटले, हे लपवत नाही. मार्गदर्शकांना आकडे दाखवल्यावर त्यांनी निष्कर्ष बदलण्यास संमती दिली. ‘केवळ’ हा शब्द काढला आहे आणि पेअर्ड-पल्स मोजमाप पुढील प्रयोग म्हणून नोंदवले आहे. एकच शंका उरली आहे : ३० पेशींचा जुना आलेख ठेवावा का?

एक परीक्षक

ठेवा, पण प्रत्येक उंदराच्या पेशींना वेगळा रंग द्या आणि त्यांवर पाच सरासऱ्यांचे मोठे बिंदू काढा, म्हणजे अंतराल का रुंदावला ते आलेखातच दिसेल. जुने विश्लेषण आणि ते बदलण्याचे कारण परिशिष्टात एका परिच्छेदात लिहा. एन किती असे विचारले, तर आधी ‘प्रत्येक गटात ५ उंदीर’ म्हणा आणि पेशींची संख्या त्यानंतर सांगा.