मदत हवी आहे: बाईंच्या आभारपत्रासाठी बायबलमधलं वचन

माझी मुलगी ख्रिस्ती शाळेत दुसरीत आहे. वर्ष संपताना वर्गातले पालक मिळून बाईंना आभारपत्र देणार आहोत. भेटवस्तू नको असं शाळेनं आधीच कळवलंय. मजकूर तयार आहे. वाचताना अडखळणाऱ्या मुलांना त्या किती मायेनं जवळ बसवून घेतात, ते मुलांच्याच शब्दांत. सुरुवातीला फक्त एक वचन हवंय. नीतिसूत्रे 22:6 पाहिलं, पण ते मुलांना वळण लावण्याविषयी आहे, आभाराचं नाही. फिलिप्पैकरांस 1:3 मध्ये येशूचा प्रेषित पौल फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांची आठवण काढून देवाचे आभार मानतो, ते फार आवडलं. पण ते चर्चच्या मंडळीला लिहिलेलं, आणि आम्ही बहुतेक जण ख्रिस्ती नाही. आमच्याकडून ते बाईंना खटकेल का, की श्रम करणाऱ्यांचा मान राखायला सांगणारं 1 थेस्सलनीकाकरांस 5:12-13 जास्त शोभेल?