मदत हवी आहे: हवाईतली जुनी हद्द, १८७३ची साक्ष आणि न जुळणारी मोजणी

आरोही_हिलो

नमस्कार. मोजणी खात्यात काम केलेलं, सर्व्हे शिकवणारं किंवा शिवेचे वाद जवळून पाहिलेलं कुणी इथे असेल तर कृपया हे शेवटपर्यंत वाचा. लांबलंय, पण तपशिलाशिवाय अडचण कळणार नाही.

मी हवाई बेटावर हिलोच्या बाजूला राहते, काम जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे करायचं. शेजारच्या आंटी (इथे वडीलधाऱ्या बायकांना सगळेच आंटी म्हणतात) ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांच्या घराण्याकडे १८५०च्या दशकापासून एक लहानसा कुलेआना आहे, म्हणजे कसणाऱ्या कुटुंबाच्या नावावर झालेला तुकडा. त्याच्या वरच्या अंगाची मोठी जमीन अलीकडे विकली गेली. नव्या मालकांनी तात्पुरते खुंट ठोकलेत. त्या खुंटांप्रमाणे आंटींचा दगडी बांध आणि त्याला लागून असलेली तारोची (म्हणजे अळूची) जुनी खाचरं हद्दीबाहेर पडतात. ही खाचरं आंटींच्या आजीने कसलेली आहेत. प्रकरण कोर्टात गेलेलं नाही, दोन्ही बाजू पुढच्या महिन्यात एकत्र बसणार आहेत. तोवर जुने कागद लावून द्यायचं मी कबूल केलंय आणि अडकलेय.

आधी थोडी पार्श्वभूमी. इथली जुनी जमीन डोंगरापासून समुद्रापर्यंत पट्ट्यापट्ट्यांनी विभागलेली. अशा एका पट्ट्याला अहुपुआआ म्हणतात. अहु म्हणजे दगडांची रास, पुआआ म्हणजे डुक्कर. हद्दीवर दगडांची रास रचायची, तिच्यावर डुकराचं लाकडी मुंडकं ठेवायचं आणि वर्षाचा कर तिथे आणून द्यायचा, त्यावरून हे नाव. वरच्या रानातून होडीचं लाकूड, मधल्या उतारावर शेती, खाली मासेमारी, असं सगळं एकाच पट्ट्यातल्या लोकांना मिळावं ही त्यामागची सोय. दिशाही इथे अशाच सांगतात: माउका म्हणजे डोंगराकडे, माकाई म्हणजे समुद्राकडे.

१८४८मध्ये तिसऱ्या कामेहामेहा राजाने सरदारांबरोबर जमिनीची वाटणी केली. तिला माहेले म्हणतात. सरदारांना अहुपुआआ मिळाले ते नुसत्या नावाने, मोजणी न करता. कागदावर जमिनीचं नाव एवढंच. हद्द कुठे आहे हे तिथल्या माणसांना ठाऊकच होतं, म्हणून ते चाललं. मात्र साथींनी माणसं भराभर जात होती, ऊसमळे आणि गुरांची मोठी रानं वाढत होती, आणि हद्द ठाऊक असलेले म्हातारे कमी होत चालले होते. म्हणून १८६२च्या कायद्याने हद्द आयोग आला. मालकाने अर्ज करायचा, लगतच्यांना नोटीस जायची, आणि कामाआइना, म्हणजे लहानपणापासून त्या जागेची माहिती असलेली माणसं, साक्ष द्यायची. त्यावरून हद्दीचा दाखला निघे. आमच्या बेटावर १८७३च्या सुमारास रुफस लायमन या आयुक्तांनी शेकडो साक्षी नोंदवल्या. साक्षीदार बोलले हवाईयनमध्ये, वहीत उतरलं इंग्रजीत.

त्या साक्षी वाचताना माझा तासन् तास जातो. साक्षीदार वयाचा आकडा सांगत नाही. पहिल्या कामेहामेहा राजाने पेलेलेउ होड्यांचा ताफा बांधला तेव्हा जन्मलो, असं सांगतो. हद्द कुणी दाखवली तेही सांगतो: वडिलांनी, आज्याने, पक्षी धरायला नेणाऱ्या काकाने. आणि हद्दीच्या खुणा त्याच्या धंद्यातल्या असतात. मौना केआचं उदाहरण इथे सगळ्यांना माहीत आहे. त्या डोंगराचा बहुतेक सगळा माथा हामाकुआ जिल्ह्यातल्या काओहे या एकाच जमिनीचा, आणि उआउ हे समुद्रपक्षी धरायचा हक्क तिच्याच लोकांचा. शेजारच्या हुमूउला या जमिनीची वरची हद्द मामाने झाडांचं रान संपतं तिथे. अशी हद्द नकाशावर ओढायची कशी?

आता माझी अडचण. आमच्या अहुपुआआच्या साक्षीत हद्द ओढ्याच्या काठाने वर येते, एका दगडांच्या राशीला लागते, तिथून जुन्या पायवाटेने ओलोनाची (दोर वळायला वापरायचं झुडूप) साल सोलायच्या जागेकडे जाते. आंटींच्या कुलेआनाची माउकाकडची कड याच रेषेला टेकते. कुलेआना मात्र १८५०च्या दशकातच साखळी आणि होकायंत्राने मोजलेला आहे. टाचण हवाईयनमध्ये आहे: आकाउ उत्तर, हेमा दक्षिण, हिकिना पूर्व, कोमोहाना पश्चिम. साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. एकूण सहा बाजू. त्या मांडल्या तर आकृती बंद होत नाही. शेवटचा बिंदू पहिल्यापासून जवळजवळ ४८ फूट लांब पडतो. तेव्हाची होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत ८-९ अंशांचा फरक आहे, तो हिशेबात घेतला तरी फूट तेवढेच राहतात.

प्रश्न असे:
हे ४८ फूट सगळ्या बाजूंवर वाटून टाकायचे का? पुस्तकात तसं दिलंय, पण मन घेत नाही.
साक्ष आणि आकडे जुळले नाहीत तर आधी कशावर विश्वास ठेवायचा?
आंटींना ती पायवाट आठवते. त्यांना घेऊन हद्दीवर फिरायचं आहे. मी काय विचारावं, म्हणजे माझं उत्तर त्यांच्या तोंडी जाणार नाही?

---

अण्णा_सातारा

आरोहीताई, मी एकतीस वर्षं मोजणीत काढली, बहुतेक काळ टेबल आणि साखळीवर. आमची शंकू साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा भागांची. तुमची तिच्या दुप्पट. पण चुका जगभर सारख्याच होतात.

पहिलं म्हणजे, वाटू नका. चूक लहान असेल आणि सगळीकडे पसरलेली असेल तरच वाटायची असते. एवढ्याशा जमिनीत ४८ फूट म्हणजे कुठेतरी एकाच ठिकाणी घोटाळा आहे. वाटलात तर चांगल्या पाच बाजूही बिघडवाल.

दुसरं. उत्तर दिशा चुकीची धरली म्हणून आकृती उघडी राहत नाही. ती अख्खी फिरते, पण बंद होते. त्यामुळे ८-९ अंशांचा आणि या ४८ फुटांचा संबंध नाही. ही दोन दुखणी आहेत, औषधं वेगळी.

आता असं करा. शेवटचा बिंदू आणि पहिला बिंदू जोडा. ती रेष कोणत्या बाजूला समांतर आहे ते बघा. ज्या बाजूला समांतर, त्या बाजूची लांबी संशयित. मग तिचा आकडा मूळ हस्ताक्षरात वाचा, टंकलेल्या प्रतीत नको. साखळीत १०० कड्या असल्या की पाच साखळ्या आठ कड्या म्हणजे ५.०८. कुणी ५.८ लिहिलं असेल तर ते ५.०८ की ५.८०? फरक ७२ कड्यांचा. ६६ने गुणलं की साडेसत्तेचाळीस फूट होतात. तुमचा आकडा बघूनच माझ्या मनात हे आलं.

फिरलेल्या आकृतीसाठी: त्याच माणसाने मोजलेले शेजारचे कुलेआने शोधा. एखाद्याचे दोन कोपरे आजही जागेवर असतील तर त्यांच्यातली दिशा जीपीएसने घ्या आणि त्याच्या टाचणाशी लावा. त्याच्या होकायंत्राची त्या भागातली सवय कळेल. तुमच्याकडचा काळा लाव्हा लोहाचा, तो सुई ओढतो. पुस्तकातला अंश तिथे पुरणार नाही.

---

कौमुदी_होनोलुलू

आरोही, अण्णांनी सांगितलेलं मूळ हस्ताक्षर होनोलुलूच्या राज्य अभिलेखागारात बघायला मिळेल, इओलानी राजवाड्याच्या आवारात. कुलेआनाच्या दाव्याच्या वेळच्या साक्षी वेगळ्या वह्यांत असतात. १८७३च्या हद्द आयोगाच्या वह्यांशी त्यांची गल्लत करू नकोस. दोन्ही मागव. अनुक्रमणिका पापाकिलो डेटाबेसवर घरबसल्या शोधता येते.

एक धोक्याची सूचना. पुढच्या काळातल्या सरकारी सर्व्हेच्या वर्णनात दिशाकोन खऱ्या दक्षिणेपासून उजवीकडे मोजतात, उत्तरेपासून नाही. हवाईची ही जुनी पद्धत आजही चालू आहे. १८५०च्या टाचणाशी ते आकडे जोडताना प्रत्येक ठिकाणी तपास. आणि तात्पुरते खुंट काउंटीच्या कर-नकाशावरून घातलेत का, हे आधी विचार. तो नकाशा कर आकारण्यासाठी असतो, हद्द ठरवायला तो चालत नाही.

साक्षीला किती वजन द्यायचं, याबद्दल इथल्या न्यायालयांनी बोलून ठेवलंय. १८७९मध्ये माउई बेटावरच्या पूलेहुनुईच्या हद्दीचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने कामाआइना म्हणजे त्या जागेशी लहानपणापासून परिचित माणूस, असा अर्थ सांगितला. १९६८मध्ये मोलोकाई बेटावरच्या ॲशफोर्ड खटल्यात ‘मा के काई’, म्हणजे समुद्रालगत, या शब्दांवर वाद होता. मालकांचं म्हणणं, भरतीच्या सरासरीच्या मोजमापावरून रेष ओढा. न्यायालयाने कामाआइना साक्ष मान्य केली आणि लाटांचं पाणी वर जिथवर पोचतं, झाडोऱ्याच्या कडेने किंवा वाहून आलेल्या काडीकचऱ्याने जे दिसतं, तिथे हद्द धरली. त्यामुळे साक्ष म्हणजे नुसती आठवण, असं कुणी बैठकीत म्हणालं तर हा निकाल पुढे ठेव.

मात्र सगळ्या साक्षी सारख्या वजनाच्या नसतात. साक्षीदार कोणत्या बाजूच्या जमिनीचा, हद्द त्याने स्वतः चालली की ऐकली, हे बघ. आपल्या बाजूला तोटा होत असूनही दोन्हीकडची माणसं ज्या खुणेवर एकमत आहेत, ती खूण पक्की. आपल्याकडच्या जुन्या महजरांतही (निवाड्याच्या कागदांतही) कोण कोण हजर होतं हे आधी वाचतात, तसंच हे.

आंटींना ‘ही वाट हीच का?’ असं विचारू नकोस. ‘लहानपणी कुठून जायचात, कशासाठी, बरोबर कोण असायचं?’ असं विचार आणि त्यांना पुढे चालू दे. नकाशा घरी ठेव. त्यांची परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड कर. शक्य असेल तर समोरच्या बाजूच्या माणसालाही बरोबर बोलाव, नाहीतर पुढे म्हणतील की तुम्ही दोघींनीच ठरवलं.

---

आरोही_हिलो

अण्णा, कौमुदीताई, काय लिहू. दोन आठवडे उत्तर दिलं नाही कारण रोज काहीतरी नवीन निघत होतं.

मूळ पानाची प्रत आली. चौथी बाजू, दगडांच्या राशीकडून ओढ्याच्या वळणाकडे उतरणारी. टंकलेल्या प्रतीत ५.८ आहे आणि मी कड्या समजून ५.०८ भरलं होतं. हस्ताक्षरात ५ आणि ८ यांच्यामध्ये शून्य नाही, आणि त्याच पानावर दुसऱ्या बाजूला ‘३.०४’ स्पष्ट शून्य देऊन लिहिलंय. म्हणजे हा लिहिणारा शून्य गाळणारा नव्हता. ५.८० धरलं तर आकृती ४ फुटांच्या आत बंद होते. अण्णा, हा आकडा पडद्यावर आला तेव्हा मी तुमचं उत्तर आईला फोनवर वाचून दाखवलं.

मोजणारा तोच असलेला एक शेजारचा कुलेआना मिळाला. त्याचे दोन कोपरे दगडी भिंतीत शाबूत आहेत. त्यांच्यावरून अख्खी आकृती फिरवली. आंटींचा बांध आता आत येतो, पण सगळा नाही. एका टोकाला तो रेषेच्या दहा फूट बाहेर आहे. हे मी आंटींना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, ते टोक १९६०च्या पुरानंतर वडिलांनी नव्याने रचलं होतं. मला हे ठाऊक नव्हतं, कागदात कुठेच नाही.

शनिवारी फिरलो. समोरच्या मालकांकडून त्यांचे व्यवस्थापक आले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मी नकाशा नेला नाही. आंटींनी काठीने पेरूचं रान बाजूला करत वाट दाखवली आणि मध्येच थांबून म्हणाल्या की इथून आजी सोबतच्या बायकांना हाक मारायची, कारण पलीकडे शेजारच्या जमिनीची माणसं ओलोना सोलत असत. तिथेच शेवाळाखाली दगडांची रास आहे, तीन-चार फूट उंच. जीपीएस घेतला. माझ्या आकृतीतल्या कोपऱ्यापासून सात फुटांवर. व्यवस्थापकांनी फोटो काढले आणि पुढच्या बैठकीला त्यांचे सर्व्हेयर स्वतः येतील असं सांगितलं. आमच्या बाजूनेही परवानाधारक सर्व्हेयर लागेल, त्याची चौकशी सुरू केलीय.

आता राहिलेला प्रश्न, अण्णा. हा सात फुटांचा फरक मी अहवालात कसा मांडू? कोपरा राशीवर सरकवायचा, की आकडा आहे तिथे ठेवून रास वेगळी दाखवायची?

---

अण्णा_सातारा

दोन्ही दाखवा, वेगळ्या खुणेने, आणि मधलं अंतर लिहा. सरकवायचं काम तुमचं नाही, ते परवानावाल्याने सही करून करायचं. मात्र मोजणाऱ्याने साखळी त्याच राशीला लावली होती, असं टाचणात कुठे लिहिलंय का ते बघा. ‘अहु’ हा शब्द सापडला तर सात फुटांसाठी भांडायची गरज नाही, रास हीच खूण.

---

आरोही_हिलो

आत्ता पान पुन्हा काढलं. तिसऱ्या बाजूच्या शेवटी आहे: ‘आ हिकी इ के अहु’. राशीपर्यंत.